अरबीभाषक मधुमेही प्रौढांची स्व-क्षमता कशी मोजावी : हे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी

आमच्या प्राथमिक चाचणीतले पहिले वीस अर्ज संगणकावर भरून झाले, तेव्हा ‘जेवणाच्या वेळा पाळता येतील’ या विधानासमोर सात जणांनी शून्य दिल्याचे दिसले. शून्य म्हणजे अजिबात खात्री नाही. मला ते पटेना, कारण त्यांतले दोन आजोबा माझ्याशी बोलताना औषधाच्या आणि जेवणाच्या वेळा घड्याळ लावल्यासारख्या सांगत होते. कागद पुन्हा काढून पाहिले तेव्हा उलगडा झाला. त्यांनी हाताने लिहिलेला आकडा गोल होता. पण पूर्वेकडच्या अरबी अंकांत गोल म्हणजे पाच, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. अर्ज संगणकावर भरणारी मुलगी सोलापूरची, तपासणारी मी साताऱ्याची. देवनागरी शून्य पाहत मोठ्या झालेल्या आम्हा दोघींच्या डोळ्यांनी सात पाचांची सात शून्ये केली होती.

आखाती देशांत परिचारिका, आहारतज्ज्ञ किंवा भौतिकोपचारतज्ज्ञ म्हणून काम करता करता पदव्युत्तर संशोधन करणारे बरेच मराठी लोक आहेत, आणि मधुमेह हा विषय त्यांच्यासमोर आपोआप येतो. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका या विभागात ७ कोटी ३० लाख प्रौढांना मधुमेह होता आणि तिथले प्रमाण जगातल्या सर्व विभागांत अधिक होते. (हा आकडा प्रबंधात ‘अरबांचा’ म्हणून देऊ नका, महासंघाच्या या विभागात इराण आणि पाकिस्तानही येतात.) मी ज्या चुका केल्या त्या तुम्हाला टाळता याव्यात, म्हणून कामाचा क्रम पुढे मांडला आहे. सर्वांत जास्त वेळ भाषेने खाल्ला, त्यामुळे या लेखातही तिलाच जास्त जागा दिली आहे.

१. नेमके काय मोजायचे आहे ते आधी ठरवा

‘सेल्फ-एफिकसी’ला मराठीत कुणी स्व-कार्यक्षमता म्हणते, कुणी स्व-परिणामकारकता, मी येथे ‘स्व-क्षमता’ हा सुटसुटीत शब्द वापरते. अरबीतही असेच दोन शब्द रूढ आहेत, ‘अल-कफाआ अज्-जातिया’ आणि ‘अल-फाइलिया अज्-जातिया’. पूर्वीचे संशोधन शोधताना दोन्ही शब्द टाका, नाहीतर निम्मे साहित्य हाती लागणारच नाही.

ही संकल्पना मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडली. अडचण असतानाही एखादी ठरावीक कृती आपल्याला जमेल असा माणसाला वाटणारा विश्वास, एवढाच तिचा गाभा आहे. नवख्या संशोधकाची गल्लत होते ती शेजारच्या गोष्टींशी. साखर कमी झाल्यावर काय करावे हे माहीत असणे म्हणजे ज्ञान. गेल्या सात दिवसांत किती दिवस चाललो हे सांगणे म्हणजे वर्तन. चालल्याने साखर उतरते असे मानणे म्हणजे फलाची अपेक्षा. आणि ‘घरी पाहुणे आले असतील त्या दिवशीही मी अर्धा तास चालू शकेन’ याची वाटणारी खात्री म्हणजे स्व-क्षमता. विधान ‘मी करीन’ असे असेल तर तुम्ही इरादा मोजता आहात. ‘मी करू शकतो’ असेच हवे. बांडुरा यांनी २००६ साली मापनश्रेणी तयार करण्याविषयी जे मार्गदर्शन लिहिले, त्यातही हा भेद ठळकपणे मांडलेला आहे, आणि त्याचबरोबर विधानांत अडचणींची चढती पायरी असावी असाही आग्रह आहे. सगळ्यांनाच सहज जमणारी गोष्ट विचारली तर सगळेच दहापैकी दहा देतात, आणि मग मोजण्यासारखे काही उरत नाही.

२. मापनश्रेणी निवडा, पण नवी बनवायला घेऊ नका

प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला स्वतःची प्रश्नावली तयार करावीशी वाटते. तो मोह आवरा. या विषयात मुख्यतः तीन पर्याय तुमच्यासमोर येतील.

पहिला, ‘डायबेटिस मॅनेजमेंट सेल्फ-एफिकसी स्केल’. ही नेदरलँड्समध्ये तयार झाली आणि १९९९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात २० विधाने असून आहार, व्यायाम, औषधे आणि रक्तशर्करेवर लक्ष ठेवणे ही क्षेत्रे त्यांत येतात. मूळ रूपात उत्तरांच्या पाच पायऱ्या होत्या. पुढच्या अनेक रूपांत शून्य ते दहा आहेत. ब्रिटनमधले रूप १५ विधानांचे आहे. ‘मी हीच वापरली’ एवढे लिहून भागत नाही. कोणते रूप, किती विधाने, किती पायऱ्या हे सांगावे लागते, नाहीतर तुमच्या सरासरीची तुलना दुसऱ्या कोणाशीच करता येत नाही.

दुसरा, स्टॅनफर्डमध्ये तयार झालेली आठ विधानांची श्रेणी. उत्तरे एक ते दहा, गुण म्हणजे आठांची सरासरी, आणि दोनांपेक्षा अधिक विधाने रिकामी असतील तर गुण काढायचे नाहीत असा स्पष्ट नियम तिच्यासोबत येतो. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात माझी पसंती हिलाच आहे. मात्र तिच्यातले ‘दर चार-पाच तासांनी जेवण’ हे विधान रमजानमध्ये गैरलागू ठरते. त्याविषयी पुढे येईलच.

तिसरा, दहा विधानांची सर्वसाधारण स्व-क्षमता श्रेणी, जिचे गुण १० ते ४० असतात. अरबी अनुवाद सहज मिळतो म्हणून अनेक जण तिच्याकडे वळतात. पण ‘कोणत्याही संकटातून मार्ग काढीन’ असे मानणारा माणूस बोटाला सुई टोचायला घाबरू शकतो. मधुमेहाविषयीच बोलायचे असेल तर ती पूरक म्हणून ठेवावी, मुख्य म्हणून नाही.

अरबी रूप आधीच उपलब्ध असेल तर ते कोणत्या देशात, कोणत्या वयाच्या आणि किती शिकलेल्या लोकांवर तपासले होते ते पाहा. अम्मानमधल्या शहरी रुग्णांवर पारखलेला मजकूर मोरोक्कोतल्या खेड्यात जसाच्या तसा चालेल असे गृहीत धरणे म्हणजे पुण्यात तपासलेली प्रश्नावली थेट गडचिरोलीत वाटण्यासारखे आहे. इथे तर मधे देशांच्या सीमाही आहेत.

३. कागदपत्रे आणि साहित्य

ही जुळवाजुळव अनुवादाला हात घालण्याआधी सुरू करा, कारण परवानग्यांना आठवडे लागतात.

• मूळ मापनश्रेणीच्या लेखकांची किंवा हक्कधारकांची लेखी परवानगी. वापरण्याची आणि अनुवादाची, दोन्ही स्वतंत्रपणे नमूद केलेली.
• अरबी रूप दुसऱ्याने केलेले असेल तर त्यांचीही परवानगी.
• तुमच्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता, आणि जिथे माहिती गोळा करणार तिथल्या रुग्णालयाची किंवा आरोग्य खात्याची मान्यता.
• माहितीपत्रक आणि संमतिपत्र अरबीत, तसेच ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायचा मजकूर आणि साक्षीदाराच्या सहीची जागा.
• मुलाखत घेणाऱ्यांसाठी शब्दशः लिहिलेली संहिता.
• उत्तरांची पट्टी मोठ्या अक्षरांत छापून प्लॅस्टिकमध्ये घातलेली. वाचायचा चष्मा घरी विसरून आलेले रुग्ण रोज भेटतात, म्हणून दोन-तीन साधे चष्मेही.
• एक वही. अनुवादातला प्रत्येक बदल, तो का केला आणि कोणी सुचवला, हे तारखेसह लिहून ठेवायला.

शेवटच्या वहीला कमी लेखू नका. सहा महिन्यांनी परीक्षक जेव्हा ‘हा शब्द का बदलला?’ असे विचारतात, तेव्हा आठवणीवर भागत नाही. मी पहिले दोन महिने ती ठेवली नव्हती, आणि त्या काळातले चार बदल मला नंतर दुभाष्यांच्या जुन्या निरोपांतून उकरून काढावे लागले.

४. अनुवाद : सगळ्यात जास्त वेळ येथे द्या

सर्वसाधारण क्रम असा आहे. अरबी मातृभाषा असलेले दोन अनुवादक स्वतंत्रपणे अनुवाद करतात. त्यांतल्या एकाला विषय माहीत असावा, दुसऱ्याला नसावा. दोन्हींवरून एक मसुदा ठरतो. मूळ भाषा ज्यांची मातृभाषा आहे असे आणखी दोन जण मूळ प्रश्नावली न पाहता तो मसुदा उलट अनुवादित करतात. मग सगळे एकत्र बसून प्रत्येक विधानाचा निर्णय घेतात, आणि तयार झालेला मसुदा ३० ते ४० लोकांवर तपासला जातो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या आणि आजही सर्रास वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शक पद्धतीत हीच रचना आहे.

उलट अनुवाद मूळ मजकुराशी जुळला म्हणजे काम फत्ते, असे समजू नका. हुशार अनुवादक बिघडलेल्या वाक्यातूनही मूळ अर्थ हुडकून काढतो. रुग्णाला ती सोय नसते. पुढच्या अडचणी उलट अनुवादाने आम्हाला दाखवल्या नाहीत. त्या माणसांसमोर बसल्यावरच दिसल्या.

लिहायची आणि बोलायची अरबी. लेखी अरबी, म्हणजे ‘फुस्हा’, सगळ्या अरब देशांत शाळेत शिकवली जाते. घरात ती कोणीच बोलत नाही. घरची भाषा ‘आम्मिया’, आणि ती देशागणिक बदलते. आपल्याकडेही प्रमाण मराठी आणि अहिराणी किंवा मालवणी यांत अंतर आहे, पण तिथले अंतर याहून बरेच जास्त आहे. ‘मी शकतो’ याला फुस्हात ‘अस्ततीअ’, तर बोलीत आखातात ‘अग्दर’. मोरोक्कोत ‘नक्दर’ म्हणजे ‘मी शकतो’, आणि पूर्वेकडच्या बोलींत त्याच घडणीचे रूप ‘आम्ही शकतो’ असे ऐकू येते. स्व-क्षमतेच्या प्रश्नावलीत ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांची अदलाबदल झाली तर मोजायचे काय राहिले? माझा सल्ला असा आहे : छापील मजकूर साध्या, छोट्या वाक्यांच्या फुस्हात ठेवा, आणि तोंडी विचारण्यासाठी त्या त्या ठिकाणच्या बोलीतली वाक्ये संहितेत आधीच लिहून मंजूर करून घ्या. बोलीतला अनुवाद मुलाखत घेणाऱ्याच्या ऐन वेळच्या सुचण्यावर सोपवला, तर पाच मुलाखतकार पाच वेगळ्या प्रश्नावल्या विचारतात.

लिंग. मराठीत ‘मी करू शकतो’ आणि ‘मी करू शकते’ असे पहिल्याच पुरुषात दोन भाग पडतात. अरबीत ‘मी’ असलेल्या वर्तमानकाळी क्रियापदाला लिंग नसते, ही मोठी सोय आहे. पण ‘तुम्ही’ म्हटले की लिंग येते, आणि विशेषणातही येते. ‘मला खात्री आहे’ याचा सरळ अनुवाद पुरुषासाठी ‘अना वाथिक’ आणि स्त्रीसाठी ‘अना वाथिका’. आमच्या पहिल्या मसुद्यात सगळीकडे पुल्लिंगी रूप होते. एका बाईंनी पहिली चार विधाने वाचून कागद परत केला आणि हे माझ्या नवऱ्याने भरायचे आहे का, असे अगदी मनापासून विचारले. त्यानंतर आम्ही सगळी विधाने ‘लदय्या थिका’, म्हणजे ‘माझ्याजवळ खात्री आहे’, अशा घडणीची केली आणि ‘तुम्ही’ पूर्ण काढून टाकले. ज्यांना हे जमत नाही त्यांनी स्त्रियांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळे अर्ज छापावेत. तिरप्या रेघेने दोन्ही रूपे देऊ नयेत, कारण कमी शिकलेल्या वाचकाला ती रेघ अडते.

रोजचे शब्द. आपल्याकडे जसे ‘मला शुगर आहे’ म्हणतात, तसे तिथे ‘इंदी सुक्कर’ म्हणतात. त्यामुळे ‘साखर नियंत्रणात ठेवणे’ याचा अर्थ काहींना चहातली साखर कमी करणे असा वाटतो. विधानात ‘रक्तातली’ हा शब्द हवाच. ‘आहार’ यासाठी अनुवादकाने ‘रेजीम’ लिहिले असेल तर ते बदला, कारण लोक त्याचा अर्थ वजन उतरवण्यासाठी केलेला उपासमारीचा प्रकार असा घेतात. ‘रियादा’ म्हणजे व्यायाम, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मैदान किंवा जिम येते. दिवसभर घर आवरणाऱ्या, नातवंडांमागे धावणाऱ्या बाई ‘मी रियादा करत नाही’ असे सांगून मोकळ्या होतात. आपल्या आज्यांचे ‘कामातच व्यायाम होतो की’ हे ऐकलेले असल्यामुळे मला ते ओळखीचे वाटले. ‘हुबूत’ हा शब्द साखर उतरण्यासाठी वापरतात, पण इजिप्तमध्ये एकाएकी गळून जाणे, रक्तदाब खाली येणे यालाही तोच शब्द आहे. तिथे ‘साखर कमी होणे, म्हणजे हात थरथरणे, घाम येणे’ असे लक्षणांसह लिहिलेले बरे.

उदाहरणे. युरोपात तयार झालेल्या विधानांत कुत्र्याला फिरवणे, सायकलवरून जाणे अशी उदाहरणे सापडतात. मस्कतमधल्या साठीच्या बाईंना कुत्र्याला फिरवण्याचा आत्मविश्वास विचारून हाती काय लागणार? आखातातल्या उन्हाळ्यात दुपारी बाहेर चालण्याचा प्रश्नच नसतो. लोक मॉलमध्ये किंवा रात्री चालतात. आहाराच्या विधानांतही एक मूलभूत अडचण आहे. एकाच मोठ्या परातीतून भात आणि मांस सगळ्यांनी मिळून खाण्याची पद्धत असेल, तर ‘योग्य प्रमाणात वाढून घेऊ शकतो’ या विधानाला अर्थ राहत नाही, कारण वाढून घेणेच नाही. आम्ही ते ‘परातीतून जेवताना भात कमी घेऊ शकतो’ असे केले. कॉफीबरोबर पुढे येणारा खजूर नाकारणे हे तर वेगळे विधान होण्याच्या योग्यतेचे आहे. यजमानाला नको म्हणण्याची अडचण त्यात सगळी एकवटलेली आहे. फक्त लक्षात ठेवा, उदाहरण बदलले तर ते वहीत जायला हवे आणि मूळ लेखकांना कळवायला हवे. विधानच नवे घातले तर ती नवी श्रेणी झाली.

मसुदा ठरला की तो तज्ज्ञांना दाखवून प्रत्येक विधान किती सुसंगत आहे याचे गुण घ्या. पाच किंवा त्याहून कमी तज्ज्ञ असतील तर सगळ्यांचे एकमत अपेक्षित असते. सहा किंवा अधिक असतील तर विधानाचा निर्देशांक (ते सुसंगत म्हणणाऱ्या तज्ज्ञांचे प्रमाण) किमान ०.७८ असावा, असा रूढ संकेत आहे. तज्ज्ञांमध्ये एक तरी मधुमेही माणूस घ्या. आमच्या समितीत पाच डॉक्टर-प्राध्यापक होते, आणि परातीची गोष्ट त्यांतल्या एकानेही काढली नाही.

५. समोर बसून ऐका

मोठ्या प्रमाणावर वाटण्यापूर्वी पाच-सहा जणांच्या गटांनी दोन-तीन फेऱ्या करा. विधान वाचून दाखवा आणि ‘तुमच्या शब्दांत सांगा, हे काय विचारले आहे?’ असे विचारा. नंतर ‘तुम्ही सात म्हणालात, सहा का नाही?’ असेही. ‘रक्तातली साखर वाढली तर ती दुरुस्त करू शकतो’ या विधानावर एका गृहस्थांनी दहा दिले. कसे, असे विचारल्यावर ते म्हणाले, वहीत चुकीचा आकडा लिहिला गेला तर मी खोडून बरोबर लिहितो. उत्तर प्रामाणिक होते, चूक आमच्या क्रियापदाची होती.

येथेच ‘इन्शाल्लाह’ भेटते. ‘रोज औषध वेळेवर घेऊ शकाल याची किती खात्री आहे?’ याला ‘इन्शाल्लाह’ हे उत्तर अनेकदा येते. नवखा मुलाखतकार त्याला एकतर दहा देतो किंवा ‘उत्तर टाळले’ असे लिहितो; दोन्ही चूक. भविष्याविषयी बोलताना तो शब्द येणे हे भाषेचे आणि श्रद्धेचे वळण आहे, तो कमी-जास्त खात्रीचा आकडा नाही. आमच्या संहितेत पुढचे वाक्य लिहूनच ठेवले होते : ‘इन्शाल्लाह. आणि तुमच्या बाजूने, आज तुम्हाला स्वतःला किती जमेल असे वाटते, ते या पट्टीवर दाखवा.’ आधी तोच शब्द उच्चारायचा, मग पट्टी पुढे करायची. विधानांची रचना ‘उद्यापासून’ ऐवजी ‘आजच्या घडीला’ अशी केली की हे उत्तर बरेच कमी होते.

आणखी एक प्रश्न येथेच सोडवून घ्या. ‘मी घरी साखर तपासू शकतो’ याला शून्य देणाऱ्या माणसाजवळ यंत्र किंवा पट्ट्या आहेत का? नसतील तर तो तुम्हाला आत्मविश्वास सांगत नसून खिशाची किंवा दवाखान्यातल्या पुरवठ्याची परिस्थिती सांगतो आहे. आम्ही शेजारी एक चौकट घातली : ‘साधन जवळ आहे / नाही’. पुढे विश्लेषण करताना त्या एका चौकटीचा उपयोग झाला.

६. उत्तरांची पट्टी

अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून शून्य उजव्या टोकाला आणि दहा डाव्या टोकाला यायला हवे. संगणकावर केलेले अर्ज ही दिशा परस्पर उलटवतात किंवा नुसते शब्द उलटवून आकडे तसेच ठेवतात. छापण्यापूर्वी अरबी वाचणाऱ्या माणसाकडून पट्टी बोटाने वाचून घ्या.

अंकांविषयी सुरुवातीला सांगितलेच. इजिप्तपासून आखातापर्यंत अनेक ठिकाणी पूर्वेकडचे अरबी अंक चालतात, तर मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिसियात इंग्रजीतलेच अंक. पाच आणि शून्य यांच्याखेरीज सहाही फसवतो; त्यांचा सहा आपल्याला इंग्रजी सातासारखा दिसतो. म्हणून हाताने आकडा लिहून घेऊच नका. छापलेल्या आकड्याभोवती गोल करायला सांगा, आणि नोंद भरताना आकडा न वाचता पट्टीवरचे स्थान मोजा. टोकांना आणि मधे शब्दही हवेत : ‘अजिबात जमणार नाही’, ‘कदाचित जमेल’, ‘नक्की जमेल’.

सरावासाठी एक प्रश्न ठेवा. बांडुरा यांच्या मार्गदर्शनात वेगवेगळ्या वजनाच्या वस्तू उचलण्याचा सराव आहे. आम्ही तांदळाची पोती घेतली : ५, १०, २० आणि ४० किलो. ४० किलोच्या पोत्यालाही पटकन दहा देणारे आजोबा आपण काय म्हणालो ते ऐकून स्वतःच हसले आणि मग खाली आले. त्या हसण्यानंतर पट्टी समजलेली असते.

७. प्रत्यक्ष माहिती गोळा करताना

शक्यतो सर्वांची मुलाखतच घ्या. काहींनी स्वतः भरायचे आणि काहींना विचारायचे असे केले तर दोन पद्धतींचा फरक गुणांत मिसळतो, आणि समोर परिचारिका असेल तर माणूस एक-दोन गुण चढवूनच सांगतो. निदान त्याच्यावर रोज उपचार करणाऱ्या परिचारिकेने प्रश्न विचारू नयेत. स्त्रियांसाठी स्त्री मुलाखतकार ठेवा. सोबत आलेला मुलगा किंवा सून उत्तरे देऊ लागली तर त्यांना थांबवण्याऐवजी त्यांच्या हाती वेगळा अर्ज देऊन ‘तुमच्या मते त्यांना किती जमेल?’ असे विचारा. ते गुंततात आणि तुमचा रुग्ण मोकळा बोलतो. तो दुसरा अर्ज विश्लेषणात धरू नका.

रमजान कधी आहे ते पाहूनच वेळापत्रक आखा. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २००१ साली तेरा देशांत १२,२४३ मधुमेहींवर झालेल्या ‘एपिडायर’ अभ्यासात, ज्यात अरबेतर देशही होते, टाइप २ मधुमेह असलेल्यांपैकी ७८.७ टक्के लोकांनी किमान पंधरा दिवस रोजे धरले होते. म्हणजे त्या महिन्यात जेवणाच्या आणि औषधांच्या वेळा, झोप, चालणे, सगळेच बदलते. आमची पहिली फेरी रमजानच्या आधी दहा दिवस आणि पुनर्चाचणी, म्हणजे त्याच लोकांची पुन्हा घेतलेली चाचणी, रमजानच्या पहिल्या आठवड्यात आली. दोन्हींचा मेळ बसला नाही, आणि श्रेणी अस्थिर आहे की माणसांचे आयुष्यच बदलले आहे, हे सांगण्याचा कोणताही मार्ग उरला नाही. ती पुनर्चाचणी फेकून द्यावी लागली. एचबीए१सी हे रक्तातल्या साखरेचे गेल्या दोन-तीन महिन्यांचे चित्र असते, म्हणून त्याच्याशी संबंध तपासणार असाल तर ईदनंतरही काही काळ थांबणे योग्य.

मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत उपचारांसाठी येणारे अरब रुग्ण हा सोयीचा नमुना वाटतो. पण मोठ्या आजारासाठी घर सोडून आलेला माणूस हॉटेलातले जेवण जेवत असताना ‘घरच्या जेवणात पथ्य पाळता येईल का’ याचे उत्तर कसे देणार? तो नमुना भाषेच्या चाचणीपुरता वापरा.

८. आकडेमोड

किती माणसे लागतील? घटक विश्लेषणासाठी (कोणती विधाने एकाच गटात बसतात ते पाहण्यासाठी) विधानांच्या सातपट आणि किमान शंभर, हा व्यवहार्य आडाखा आहे. २० विधानांना १४०. पुनर्चाचणी साधारण दोन आठवड्यांनी, किमान ५० जणांची, आणि मधल्या काळात कोणाचाही मधुमेह-शिक्षण वर्ग झालेला नसावा. त्यासाठी वर्गांतर्गत सहसंबंध गुणांक (दोन्ही वेळचे गुण किती जुळतात ते सांगणारा आकडा) ०.७० किंवा अधिक अपेक्षित असतो. क्रोनबाख अल्फा (विधाने एकमेकांशी किती जुळतात याचे माप) ०.७० ते ०.९५ यांत असावा, ०.९५ च्या वर गेला तर आनंद मानू नका, तुम्ही एकच गोष्ट शब्द फिरवून विचारता आहात असा त्याचा अर्थ निघतो. १५ टक्क्यांहून अधिक लोक अगदी तळाच्या किंवा अगदी वरच्या गुणावर असतील तर तेही नोंदवा. औषधांच्या विधानांवर वरच्या टोकाची ही गर्दी आमच्याकडे हटकून दिसली.

अल्फा काढला म्हणजे श्रेणी प्रमाणित झाली, अशी समजूत प्रबंधांत फार आढळते. मूळ रचनेतले घटक अरबीत टिकतात का ते पुष्टी-विश्लेषणाने, म्हणजे अपेक्षित गट खरेच जमतात का ते तपासणाऱ्या पद्धतीने, पाहा, आणि स्त्री-पुरुषांची तुलना करणार असाल तर श्रेणी दोघांसाठी सारखीच चालते का हे आधी तपासा. लिंगाचा तो सगळा खटाटोप केल्यानंतर ही पायरी गाळणे बरे दिसत नाही.

गुण कोणत्या गोष्टीशी जुळायला हवेत याचे अंदाज आधीच लिहून ठेवा : स्वतःची काळजी घेण्याच्या वर्तनाशी मध्यम, एचबीए१सीशी उलट्या दिशेने आणि बहुधा क्षीण. एचबीए१सीवर औषधे, आजाराची वर्षे, इन्सुलिन, रक्तक्षय या सगळ्यांचा परिणाम असतो. क्षीण संबंध आला म्हणून श्रेणी वाईट ठरत नाही.

९. गुण वाचताना

या गुणांना ठरलेली अशी सीमारेषा नाही. ‘सहाच्या खाली म्हणजे कमी स्व-क्षमता’ असे स्वतःच ठरवून टक्केवारी देऊ नका. सरासरीखाली काय दडते तेही पाहा. आमच्याकडे एका बाईंची सरासरी ७.४ होती; गोळ्या, पाय तपासणे, जेवण, सगळीकडे आठ-नऊ, आणि ‘साखर एकाएकी उतरली तर काय करायचे ते करू शकते’ याला एक. विचारल्यावर कळले की एकदा रात्री त्या घामाघूम होऊन उठल्या, घरात सगळे झोपलेले होते, आणि स्वयंपाकघरापर्यंत जाण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. परिचारिकेने त्या दिवशी त्यांच्याशी फक्त उशाशी रसाची छोटी बाटली ठेवण्याविषयी बोलून घेतले.

काम संपले की अरबी रूपाची अंतिम प्रत मूळ लेखकांना पाठवा आणि प्रतीच्या पहिल्या पानावर देश, बोली, वर्ष, विधानांची संख्या आणि उत्तरांच्या पायऱ्या छापा. आमच्या प्रतीवर आम्ही आणखी एक ओळ घातली आहे, नोंद भरणाऱ्यासाठी, लाल अक्षरांत : गोल म्हणजे पाच.